कोपरा कसा धरावा : नांदेड-लातूरकडच्या होतकरूंसाठी ‘गो’चे प्राथमिक धडे

आधी एक खुलासा. गो म्हणजे गाय नव्हे. मी फावल्या वेळात ‘गो’ शिकवतो हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या एका सज्जनानं कौतुकानं गोशाळेचं पावतीपुस्तक माझ्यापुढे धरलं होतं, आणि एकशे एक रुपये गेल्यावरच मला खरं काय ते सांगायची संधी मिळाली.

हा पटावरचा खेळ आहे. मूळचा चीनचा, दोन हजार वर्षांहून जुना. चीनमध्ये त्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक, जपानात इगो. जगानं तो जपान्यांकडून उचलला म्हणून नाव पडलं गो. नियम पोस्टकार्डावर मावतील एवढेच. १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा, त्यांचे ३६१ छेद. गोटी घरात नाही, छेदावर ठेवायची. काळा पहिला. ठेवलेली गोटी हलत नाही. तिच्या चारी वाटा समोरच्यानं बंद केल्या की ती उचलली जाते; एकमेकींना चिकटलेल्या गोट्या असल्या तर सगळ्यांच्या वाटा सामाईक, आणि जायची वेळ आली की जातातही सगळ्या एकदम. शेवटी ज्यानं जास्त जागा घेरली तो जिंकला.

जागा, घेरणं, सामाईक वाट. हे तीन शब्द एका दमात आले की मराठवाड्यातल्या माणसाला आणखी काय शिकवायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

साहित्य

बाजारात जाऊन ‘गोचा पट द्या’ म्हणू नका. नांदेडला वजिराबादेत आणि लातूरला गंजगोलाईत मी हा प्रयोग करून चुकलो आहे. एकीकडे लुडो मिळाला, दुसरीकडे बाराखडीचा तक्ता. पट घरीच करावा. सगळ्यांत उत्तम म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत या कच्च्या मालाचा तुटवडा कधी पडत नाही. मागची पांढरी बाजू वर घ्यावी, एकेक इंचावर रेघा माराव्यात, झाला पट. भावी आमदारांचा चेहरा खालीच राहील याची काळजी घ्यावी. वर राहिला तर येणारा-जाणारा चालींवर बोलायच्या ऐवजी तिकिटावर बोलत बसतो.

गोट्या काळ्या १८१, पांढऱ्या १८०. आपल्याकडे सोंगट्या खेळताना फाशांच्या जागी फोडलेले चिंचोके घेतात, सालीकडून काळपट आणि आतून पांढरे, तेच वापरावेत असं मला सुचलं. सुचलेलं सगळं करायचं नसतं. डाव रंगात आला असताना घरातल्यांनी पंखा पाचवर केला आणि माझ्या अकरा गोट्या पलटी खाऊन समोरच्या पक्षात गेल्या. आपल्या राज्यात याचं कुणाला नवल वाटत नाही, पण या खेळात गोटी मरेपर्यंत एकाच बाजूची असते. शेवटी शिंपीसामानाच्या दुकानातून शर्टाची बटणं आणली. त्यांना दोन्ही बाजूंनी रंग एकच असतो.

तिसरं साहित्य म्हणजे प्रतिस्पर्धी. होतकरूनं शक्यतो निवृत्त तलाठी घेऊ नये. मी घेतला. आमचे आप्पा अहमदपूर आणि लोहा या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या गावांत सातबारे लिहिता लिहिता म्हातारे झाले, आणि आता नांदेडला लेकाकडे राहतात. त्यांना नियम सांगायला मला दहा मिनिटं लागली. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मोजणी शेवटी होती व्हय? मग आधी भांडून घ्यायचं.” त्या क्षणी मी फ्लेक्स गुंडाळायला हवा होता.

धडा पहिला : कोपराच का

समजा, तीन बाय तीन म्हणजे नऊ छेदांची जागा घेरायची आहे. पटाच्या मधोमध घेराल तर बारा गोट्या लागतात. एका कडेला लागून घेराल तर नऊ. कोपऱ्यात सहा. शेताला तारेचं कुंपण घातलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, कारण दोन बाजूंना आयता बांध असला की खांब निम्मेच आणावे लागतात. म्हणून जगभर या खेळाचा क्रम ठरलेला आहे. आधी कोपरे, मग कडा, मग मध्य.

लातूरचा होतकरू इथे हटकून चुकतो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मधल्या जागेला सोन्याचा भाव, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. तो पहिलं बटण बरोबर मधल्या छेदावर ठेवतो आणि दुकान थाटल्यासारखा मागे टेकून बसतो. त्या छेदाला जपानीत तेंगेन म्हणतात. रस्त्यांनी गिऱ्हाईक येतं हे खरं, पण त्याच रस्त्यांनी वसुलीवालेही येतात, आणि मध्यात पाठ टेकायला भिंत नसते. १९३३ साली एका पोरानं तिथे गोटी ठेवली होती. त्याची गोष्ट पुढे येईल. तुम्ही ठेवू नका.

धडा दुसरा : कोपऱ्यात नेमकं कुठे

कोपरा धरायच्या पाच जागा आहेत. त्यांची जपानी नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका. नांदेड-लातूर एसटीत एकदा जागा धरली असेल तर पाचही तुम्हाला ठाऊक आहेत.

दोन्ही कडांपासून चौथ्या रेघेवर जो छेद येतो तो चार-चार, त्याला होशी म्हणतात. ही चाल म्हणजे खिडकीतून आत टाकलेला रुमाल. एका फटक्यात कोपरा आपलासा दिसतो आणि तुम्ही निवांत चहा प्यायला, म्हणजे पटावर दुसरीकडे, जाऊ शकता. पण रुमालाखाली बाक मोकळंच असतं. कुणी रुमाल अलगद उचलून बाजूला ठेवला आणि खिडकीशी बसून घेतलं, तर तुम्हाला भांडता येतं, उठवता येत नाही.

तीन-तीन म्हणजे स्वतःच जाऊन खिडकीशी बसणं. तिथून तुम्हाला कुणी हलवत नाही. गाडी भरली की तुम्हालाही हलता येत नाही. लोहा येतं, अहमदपूर येतं, चाकूर येतं, पाय तसेच.

तीन-चार, म्हणजे कोमोकु. एका कडेपासून तिसरी रेघ, दुसऱ्या कडेपासून चौथी. हा शेजारी पिशवी ठेवून बसलेला प्रवासी. पिशवीच्या जागी त्याची मंडळी येऊन बसली की कोपरा कायमचा त्याचा. त्या पक्क्या करण्याला शिमारी म्हणतात. तोवर कुणीतरी वाकून विचारणारच, “इथं कुणी हाय का?” त्या विचारण्याला काकारी म्हणतात. कोमोकुची गंमत ही की पिशवी कोणत्या बाजूला ठेवायची हे तुम्ही ठरवता, पण विचारायला कुठून यायचं हे समोरचा ठरवतो.

पाच-तीन आणि पाच-चार या दोन जागा म्हणजे दारात उभं राहणं. बसायची घाई नाही, पण आत येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या अंगाला घासूनच यावं लागतं. होतकरूनं दारात उभं राहू नये. कंडक्टर ओरडतो.

खिडकीशी येऊन बसणाऱ्याबद्दल थोडं आणखी. २०१७ साली लातूर-मुंबई रेल्वे आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली, तेव्हा लातूरला जे आंदोलन पेटलं ते ज्यांना आठवतं त्यांना तीन-तीनमधली घुसखोरी वेगळी समजावून सांगायला नको. गाडी तीच आणि नावही जवळपास तेच, फक्त आपण फलाटावर पोचतो तेव्हा कोपरे भरलेले. अर्थात बिदरकरांच्या बाजूनं पाहिलं तर ती घुसखोरी नव्हतीच, हक्काची चाल होती. पटावरही अगदी असंच असतं. दोघांना विचारलं तर कोपरा दोघांचाही वडिलोपार्जित निघतो.

धडा तिसरा : जोसेकी, अर्थात ठरलेले दगड

आता मुख्य विषय. कोपऱ्यात दोघं समोरासमोर आले की शेकडो वर्षं खेळून खेळून काही चालींचे क्रम पक्के झाले आहेत. त्या क्रमानं दोघं खेळले तर दोघांनाही सारखं काहीतरी मिळतं. अशा क्रमाला जोसेकी म्हणतात. ‘जो’ म्हणजे ठरलेला, ‘सेकी’ म्हणजे दगड. मराठीत याला नेमका शब्द आहे, तोडगा. कोर्टात न जाता चार माणसांत बसून केलेला.

सगळ्यांत साधी जोसेकी सहा चालींची. काळा चार-चारवर रुमाल टाकतो. पांढरा एका बाजूनं येऊन विचारतो. काळा दुसऱ्या बाजूला सरकून बसतो. पांढरा खालून दुसऱ्या रेघेवर पाय सरकवतो. काळा तीन-तीनवर येऊन कोपऱ्याची खिडकी लावून घेतो. पांढरा कडेनं दोन छेद सोडून आणखी एक गोटी टाकतो आणि आपल्यापुरतं बूड टेकवतो. काळ्याला कोपरा, पांढऱ्याला कड. कागद झाला, अंगठे झाले.

या खेळात एक गोष्ट सारखी विकली जाते आणि सारखी विकत घेतली जाते. एकाला कोपऱ्यातली जमीन मिळते, तर दुसऱ्याला बाहेर, मध्याकडे तोंड करून, गोट्यांची भिंत मिळते. त्या भिंतीनं जमीन घेरलेली नसते. पण पुढे तिच्या आसपास कुणी भांडण काढलं तर ती उपयोगी पडते. इंग्रजी पुस्तकात याला काहीतरी लांबलचक शब्द होता. मी आप्पांना समजावून सांगत होतो, हातवारे करत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं. “म्हंजी एकाला जमीन अन् एकाला वजन.” यापेक्षा चांगलं भाषांतर मला आजवर सुचलेलं नाही. वजनाची सातबाऱ्यावर नोंद होत नाही, पण ते असलेल्या माणसाच्या बांधाला सहसा कुणी नांगर लावत नाही.

मी धंद्यानं शिकवणीचा मास्तर, त्यातून लातूरला शिकलेला. जोसेक्या दिसल्यावर माझ्यातला विद्यार्थी जागा झाला नसता तरच नवल. चाळीस जोसेक्यांचे तक्ते करून मी भिंतीला लावले. पहाटे चारला उठलो. लाल पेनानं काळा, निळ्यानं पांढरा. महिन्याभरात कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी बारावी चाल सांगेन अशी तयारी झाली.

पहिल्या डावात तिसऱ्या चालीपर्यंत सगळं तक्त्याप्रमाणे गेलं. मी सरकून बसलो. आता आप्पांनी दुसऱ्या रेघेवर पाय सरकवायचा होता. त्यांनी तंबाखू मळली, माझ्याकडे पाहिलं आणि पार समोरच्या कोपऱ्यात बटण ठेवलं. मी ताबडतोब तीन-तीनवर गोटी ठेवून खिडकी लावली. उत्तर तयार होतं, फक्त तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

“आप्पा, हे पुस्तकात नाही.”

“पुस्तक कवाचं हाय?”

“जुनं आहे. चांगलं आहे.”

“मग फेरफार झाला असंल मधी.”

एक कोपरा अर्धवट टाकून दुसरीकडे जाण्याला तेनुकी म्हणतात. मामला तापलेला नसेल तर जरूर करावी. तापलेला आहे की नाही हे कसं ओळखायचं, हे चाळीस तक्त्यांपैकी एकावरही लिहिलेलं नव्हतं. जपान्यांची एक जुनी म्हण आहे, की जोसेकी पाठ केली की खेळाडू दोन गोट्यांनी कच्चा होतो. मी चाळीस पाठ केल्या होत्या. हिशेब तुम्हीच करा. पटावर एकूण गोट्याच ३६१.

इथे परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नला कुणी हसू नये. ते मी माझ्यापुरतं हसलो आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या ज्या डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव या पॅटर्नच्या पायाशी घेतलं जातं, तेच पुढे १९९४ साली नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे या प्रकरणात दोन्ही जिल्हे पक्षकार आहेत. आणि त्या पॅटर्नचा कणा पाठांतर नव्हता, सराव होता: पेपर सोडवा, चुकलेलं शोधा, पुन्हा सोडवा. चुकलेलं शोधायची पायरी आम्हीच आमच्या सोयीनं गाळली. गोचे पट्टीचे खेळाडूही डाव संपल्यावर तोच डाव पुन्हा पहिल्यापासून मांडतात आणि हरलेल्याला विचारतात, ‘इथे तुझ्या मनात काय होतं?’ माझ्या मनात चौथ्या चालीला पाचवी चाल होती.

धडा तिसराच, पुन्हा

तर जोसेकी निवडायची कशी? कोपऱ्याकडे पाहून निवडायची नसते. हे वाक्य लाल पेनानं लिहून घ्या.

उदाहरण. तुमचा रुमाल चार-चारवर आहे आणि पाहुणा थेट तीन-तीनवर येऊन बसला. आता त्याला उठवायचा नाद सोडा, तो तिथे जगणार. तुम्हाला एकच गोष्ट ठरवायची आहे, त्याला डावीकडून अडवायचं की उजवीकडून. कोपरा तर दोन्ही बाजूंनी अगदी सारखा, आरशातल्यासारखा. उत्तर कोपऱ्यात नाही, लांब आहे. तुम्ही ज्या बाजूनं अडवाल त्या बाजूला तुमची भिंत उभी राहणार. मग तिकडे मोकळं रान आहे का? पुढे तुमचं माणूस उभं आहे का? असेल तर तिकडूनच अडवा, भिंतीला काम मिळेल. तिकडे समोरच्याचं घर आधीच पक्कं असेल, तर तुम्ही बांधलेली भिंत ही त्याच्या घराची मागची भिंत झाली, आणि विटा तुमच्या.

पहिल्या वीस डावांत मी दर वेळी उजवीकडून अडवलं. तक्ता तसा काढलेला होता.

या तीन-तीनचा इतिहासही आपल्याकडच्या एका आठवणीशी जुळलेला आहे. डाव नुकताच सुरू झाला असताना लगेच खिडकीत घुसणं हे अनेक वर्षं अडाणीपणाचं मानलं जाई. एवढ्याशा जमिनीपायी समोरच्याला एवढं वजन कशाला द्यायचं, असा गुरूंचा सवाल असे. मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणक-प्रणालीनं अव्वल खेळाडू ली सेदोलला पाच डावांत ४-१ असं हरवलं. त्याच महिन्यात लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ पाचांहून जास्त माणसांनी जमू नये असा हुकूम निघाला होता, आणि पुढच्या महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. जग त्या डावांकडे पाहत होतं तेव्हा आम्ही टँकरच्या नंबराकडे पाहत होतो, म्हणून ही बातमी मला जरा उशिरानंच कळली. त्या वर्षाच्या अखेरीला अल्फागोची सुधारलेली आवृत्ती ‘मास्टर’ या नावानं इंटरनेटवर उतरली. मोठमोठ्या खेळाडूंशी साठ डाव, साठही जिंकले. आणि हे यंत्र खुशाल सुरुवातीलाच तीन-तीनवर जाऊन बसत होतं.

त्याची युक्ती चालीत नव्हती, न खेळलेल्या चालींत होती. पूर्वी घुसणारा आपला जीव पक्का करायला शेवटी दुसऱ्या रेघेवर आणखी दोन चाली खेळायचा, आणि त्या भरात समोरच्याची भिंतही लिंपून पक्की व्हायची. यंत्रानं त्या दोन चाली टाकून दिल्या, भिंत तशीच भेगाळ ठेवली आणि उठून दुसरीकडे गेलं. गेल्या शंभर वर्षांची पुस्तकं त्या हिवाळ्यात रद्दीच्या भावाला आली. माझे तक्तेही. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “येडंय का? जीव वाचला की उठायचं असतं. पाहुणचाराला कशाला थांबायचं?”

धडा चौथा : शिडी, आणि एक दुःखद प्रसंग

समोरच्या गोटीला एकच मोकळी वाट उरली, ती पळाली, तुम्ही पुन्हा अडवलं, ती वळून पळाली, तुम्ही पुन्हा अडवलं. असं तिरपं, पायऱ्या पायऱ्यांनी, पटाच्या एका कोपऱ्यातून निघून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत जातं. याला शिचो म्हणतात, आपण शिडी म्हणू. शिडीच्या टोकाला कड असेल तर पळणारा मेला. पण वाटेत कुठे त्याची एक जरी गोटी उभी असली, तर तो तिला हात देऊन सुटतो, आणि पाठलाग करणाऱ्याच्या मागे सगळ्या पायऱ्यांना भगदाडं पडलेली असतात.

अनेक जोसेक्या या शिडीवर उभ्या आहेत. शिडी लागत असेल तर तोडगा न्यायाचा, लागत नसेल तर दिवाळं. म्हणून पुस्तकात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘शिडी अनुकूल असल्यास.’ जमिनीच्या जाहिरातीत ‘अटी लागू’ लिहितात त्याच आकाराच्या अक्षरात.

तो प्रसंग थोडक्यात सांगतो. तक्ता क्रमांक सतरा. मी अडवत गेलो, आप्पा पळत गेले. माझ्या चेहऱ्यावर जिल्हाधिकाऱ्याचं तेज. चौदाव्या पायरीला त्यांची गोटी एका बटणाला जाऊन टेकली. पहिल्या डावापासून ते प्रत्येक डावात चौथ्या चालीला पार समोरच्या कोपऱ्यात जे बटण ठेवत, आणि ज्याला मी पुस्तकाबाहेरचं म्हणून हसत असे, तेच ते. मी त्यांना विचारलं, ही शिडी तुम्हाला तेव्हाच दिसली होती? ते म्हणाले, “न्हाई बा. पर एखादा माणूस लांब ठिवलेला बरा असतो.”

धडा पाचवा : जे होतकरूनं करू नये

ताइशा नावाची एक जोसेकी आहे, तिला हजार फाटे आहेत असं जपानी म्हणतात. दुसरी नदारे, म्हणजे हिमकडा कोसळणं. आपल्याकडे हिम नाही. कडा कोसळतो तो न बांधलेल्या विहिरीचा, आणि तोही आपण आत उतरल्यावर. दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. कुणी ओढलंच तर साधी चाल खेळून थोडा तोटा सोसा आणि बाहेर पडा.

आता त्या पोराची गोष्ट. गो सेइगेन हा चीनमध्ये जन्मलेला, चौदाव्या वर्षी जपानला आलेला खेळाडू. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो त्या काळचा सर्वोच्च मानकरी होनिन्बो शुसाई याच्यासमोर बसला. त्यानं पहिली गोटी तीन-तीनवर ठेवली. दुसरी चार-चारवर. तिसरी तेंगेनवर, पटाच्या बरोबर मधोमध, गंजगोलाईत. तिन्ही चाली तेव्हाच्या शिष्टाचारात न बसणाऱ्या. मोठी खळबळ उडाली. शुसाई ज्येष्ठ असल्यामुळे डाव हवा तेव्हा तहकूब करायचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि त्यानं तो पोटभर वापरला. आपली पाळी आली की पुढची तारीख. डाव संपला १९३४ च्या जानेवारीत, साडेतीन महिन्यांनी, आणि शुसाई दोन गुणांनी जिंकला.

ही गोष्ट आप्पांना फार आवडली. एवढी आवडली की मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

धडा सहावा : प्रात्यक्षिक

गेल्या पेरणीच्या वेळी गावाकडून फोन आला. चुलतभावानं नांगरताना ईशान्येच्या कोपऱ्यात आमचा बांध कोरला होता. नांगराचे दोन तास आत. मी तावातावानं मोजणीच्या अर्जाची भाषा सुरू केली. आप्पा म्हणाले, चला, बघून येऊ.

शेतात गेल्यावर मी त्यांना कोरलेला कोपरा दाखवला. त्यांनी एक नजर टाकली आणि पाठ फिरवली. मग विहीर पाहिली. मग पार दुसऱ्या टोकाला जाऊन पांदण रस्ता कुठे वळतो ते पाहिलं. मग चुलतभावाचं सोयाबीन पाहिलं आणि त्याचंच कौतुक करत बसले. मी मनातल्या मनात उजवीकडून अडवत होतो.

“मास्तर, तुमचं पीक भाईर कुठून काढता?”

“भावाच्या बांधावरून. पूर्वीपासून.”

“कागद हाय?”

कागद नव्हता. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नं तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून वाट मागता येते, हे त्यांनी मला सांगितलं, आणि अर्ज करायचा नाही हेही त्याच दमात सांगितलं. संध्याकाळी पारावर चुलतभाऊ, मी आणि गावातले दोन म्हातारे बसलो. आप्पांनी ते दोन तास भावाला देऊन टाकले. माझ्या डोळ्यांदेखत. बदल्यात दक्षिणेच्या बांधावरून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी वाट, बारमाही, दोघांच्या सह्यांनी. भाऊ खूश होता, कारण त्याला जमीन मिळाली होती. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून गुंठ्यांचा हिशेब करत होतो. आप्पा दाराजवळच्या सीटवर पाय पसरून झोपले होते.

रविवारी पुन्हा फ्लेक्स अंथरला. मी काळा. आप्पांनी माझ्या कोमोकुला येऊन विचारलं, इथं कुणी हाय का. मला या जागेच्या सात जोसेक्या येतात. मी या वेळी तक्त्याकडे पाहिलं नाही. समोरचा कोपरा पाहिला, त्याच्या पलीकडची कड पाहिली, शिडीची तिरपी वाट बोटानं मोजली, आणि जिच्यात जमीन कमी पण तोंड मोकळ्या रानाकडे राहतं ती चाल खेळलो.

आप्पा बराच वेळ पटाकडे बघत बसले. तंबाखूची डबी उघडली, बंद केली. मग उठून चप्पल घातली.

“काय झालं, आप्पा?”

“कुठं काय. मी वयानं मोठा हाय का न्हाई? पुढची तारीख.”